शांभवीच्या सहा वह्या

गुरुसिद्धाप्पांची थोरली लेक शांभवी १९९५ साली नेसरीहून कोल्हापूरला अकरावीला आली, ती राजशेखरमामाच्या भरवशावर. राजशेखर म्हणजे तिच्या आईचा, रत्नव्वाचा चुलतभाऊ. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात, एका माडीवर त्याचे मराठीचे क्लास चालायचे. पोरीला वसतिगृहात सोडताना अप्पांनी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला होता. "मेव्हणं, पोरगी तुमच्या पदरात टाकलीया. बघा."

"माझीच हाय की ती," मामा म्हणाला होता.

आणि पहिली दोन वर्षं त्यानं ते खरं करून दाखवलं. शांभवीच्या घरी कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढल्यासारखी बोलली जायची, त्यामुळं कॉलेजात तोंड उघडायला ती बिचकायची. पुस्तकातलं मराठी तिला परक्याच्या घरासारखं वाटायचं. मामानं तिला त्या घराचं दार उघडून दिलं.

"उतारा म्हणजे पावणा हाय," तो वर्गात सांगायचा. "आल्या आल्या ताट वाढायला धावायचं न्हाय. आधी कुठनं आलाय, कशाला आलाय, ते तर इचार! पहिल्यांदा नुसतं वाचायचं, पेन्सिल लांब ठेवायची. दुसऱ्यांदा दर परिच्छेदात एकच शब्द धरायचा, ज्याच्याशिवाय तो परिच्छेद उभाच ऱ्हाणार न्हाय. तिसऱ्यांदा दाखले आणि तेच ते परत सांगितलेलं उडवायचं. मग पुस्तक मिटायचं. मिटायचं म्हणजे मिटायचं! आणि अव्वाला सांगतीयास असं समजून लिहायचं, एक तृतीयांशात."

बाकीची पोरं पुस्तक अर्धवट उघडं ठेवून त्यातलीच वाक्यं तोडून जोडायची. शांभवी मात्र खरंच मिटायची. डोळ्यांपुढं आईला बसवायची आणि लिहायची. हळूहळू तिनं स्वतःची एक तऱ्हा बसवली. पानाचा डावा तिसरा हिस्सा घडी घालून वेगळा करायचा, तिथं कळीचे शब्द. उजवीकडं सारांश. आणि तळाला एक ओळ, आपल्याला काय उमजलं नाही त्याची. ही तळाची ओळ मामानं शिकवलेली नव्हती. पहिल्यांदा ती बघून तो हसला होता. "न उमजलेलं कशाला लिहून ठेवतीयास? लोकं काय म्हणतील?"

"उद्या कुणाला तरी इचारायला बरं पडतंय, मामा."

बारावी होईतो अशा सहा फुलस्केप वह्या भरल्या. मामा रद्दीतून जुनी मासिकं आणायचा आणि ती त्यातले उतारे निवडायची. एक उतारा उसाच्या पाण्यावरचा होता, दोन पानी, आकडे आणि शास्त्रीय शब्दांनी गच्च भरलेला. तळाच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'जादा पाण्यानं पीक का खालावतं?' सुट्टीत तिनं अप्पांना विचारलं. त्यांनी बांधावर उसाचं एक बेट उपटून मुळं दाखवली. परत येऊन तिनं सारांश पुन्हा लिहिला, त्यात एक वाक्य आलं: 'पाणी सारखं मिळालं की मुळं आळशी होतात, खाली जायचं सोडून वरच बसून राहतात.' मामानं ते वाक्य वर्गात तीनदा वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी वसतिगृहाकडं जाताना तिला आपण जमिनीवरून चालतोय असं वाटलं नव्हतं.

१९९७ च्या दिवाळीत मामा वसतिगृहाच्या दारात आला. ती तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, मामाचा क्लास मागं सुटला होता.

"वह्या दे की तुझ्या. नव्या पोरांना दाखवतो. महिन्याभरात आणून देतो."

तिनं सहाही वह्या पिशवीत घालून दिल्या. महिना गेला, सहा महिने गेले. विचारलं की मामा म्हणायचा, "हायत की, पोरं वाचतायत." तिलाही त्यात बरंच वाटायचं.

जानेवारी १९९९ मध्ये दुसऱ्या वर्षाची पूर्वपरीक्षा झाली. मराठीच्या पेपरात सारांशाला उतारा आला तो उसाच्या पाण्याचा. शांभवीला बाकावर बसल्या बसल्या हसू फुटलं. जुना सोबती भेटावा तसं तिनं लिहून काढलं. दोन वर्षांपूर्वी जसं सुचलं होतं तसंच हातातून उतरत गेलं, मुळं आळशी होण्यासकट.

आठवड्यानं इरावती मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. मराठीच्या या मॅडम कडक होत्या, पण शांभवीवर त्यांचा जीव होता. त्या दिवशी त्यांनी 'बस' म्हटलं नाही. तिची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली, शेजारी एक पिवळ्या मुखपृष्ठाचं नवंकोरं पुस्तक उघडून ठेवलं.

"वाच."

तिनं वाचलं. शब्दाला शब्द तेच होतं. मुळं आळशी होती आणि वरच बसून राहिली होती.

"हा उतारा मी मुद्दाम या गाईडमधून घातला," मॅडम म्हणाल्या. "कोण पाठ करून येतं ते बघायला. वर्गातल्या चारपाच जणांवर माझा संशय होता. तुझ्यावर नव्हता, शांभवी. तुझ्यावर कधीच नव्हता."

शांभवीनं पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ पाहिलं. सारांशलेखन. लेखक, राजशेखर यांचं पूर्ण नाव. आत पानाचा डावा हिस्सा वेगळा काढलेला, तळाला एक ओळ, 'न उमजलेलं'. प्रस्तावनेत या मांडणीला 'राजशेखर पद्धत' म्हटलं होतं. ती पानं उलटत गेली. प्रत्येक पान तिचं होतं. नेसरीच्या बाजारावरचं, अप्पांना विचारलेलं, एका ठिकाणी तर तिनं चुकून लिहिलेला कन्नड वळणाचा शब्दही तसाच छापलेला.

"मॅडम, हे मी लिहिलंय."

"ते दिसतंय मला. पाठ करून लिहिलंयस."

"न्हाय, मॅडम. हे पुस्तकच मी लिहिलंय."

मॅडमनी पुस्तक तिच्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाल्या, "वह्या आण तुझ्या. दाखव."

ती धावत पेठेत गेली. माडीवर पिवळ्या पुस्तकांचे गठ्ठे रचलेले होते. इतके दिवस आपण इकडं फिरकलो नाही, हे तिला तेव्हा लागलं. मामानं तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वह्या प्रेसवाल्याकडं गेलत्या गं. आता कुठल्या ऱ्हायल्यात? कापाकापी करूनच तर जुळणी केली."

"मामा, तुम्ही मला सांगितलं पण न्हाय."

"सांगणार होतो की. आणि रीत कुणी शिकवली तुला? मी. उतारे कुणी आणून दिले? मी. तू नुसतं लिहिलंस." तो हसला. "एवढं काय तोंड करतीयास? उद्या येतो कॉलेजात. तुझ्या बाईंना समजावून सांगतो, झालं?"

त्या 'येतो'वर तिनं विश्वास ठेवला. आपल्या माणसाला ऐनवेळी जाग येते, खरं ते तो बोलून टाकतो, असं तिला अजून वाटत होतं. आईचा भाऊ होता तो.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. मॅडमना वाकून नमस्कार केला, खुर्चीत बसला, पुस्तकाची एक प्रत भेट म्हणून टेबलावर ठेवली.

"ही माझी भाची," तो म्हणाला. त्याची बोलीही एकदम पुस्तकी झाली होती. "दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. माझ्या नोट्स तिला अगदी तोंडपाठ आहेत. परीक्षेत तेच उतरलं. लहान आहे, घाबरून काहीतरी बोलून गेली. आपण सांभाळून घ्या, एवढीच विनंती."

शांभवीला आधी कळलंच नाही. तो आपल्याला सोडवायला आलाय की बुडवायला, याचा उलगडा व्हायला तिला तेवढं वाक्य मनात परत म्हणावं लागलं. मग कानशिलं तापली. चोर तो होता आणि माफी तिच्यासाठी मागत होता, तीही इतक्या मायेनं, की कुणालाही तो भला माणूस वाटावा.

मॅडम उत्तरपत्रिकेवर शून्य मांडत तिला म्हणाल्या, "ठीक आहे. या प्रश्नाला शून्य देते, बाकीचे गुण तसेच ठेवते. यापुढं..."

"मॅडम, दुसरा उतारा द्या."

"काय?"

"कुठलाही द्या. आत्ता. हितं बसून लिहितो."

मामा पुटपुटला, "शांभवी, गप की." मॅडमनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र उचललं, अग्रलेखाचं पान दुमडून तिच्यापुढं सरकवलं. विषय होता शहरांच्या वाढीचा. तिनं एकदा वाचलं. पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना दाखले खोडले. पेपर घडी करून मॅडमना परत दिला. कोऱ्या कागदाचा डावा हिस्सा दुमडला आणि लिहायला लागली. आईला डोळ्यांपुढं आणायला गेली, तर आईच्या शेजारी मामा बसलेला दिसायला लागला. तरी तिनं लिहिलं. अक्षर वाकडं झालं.

मॅडमनी कागद वाचला. तळाच्या ओळीशी त्या थांबल्या. तिथं लिहिलं होतं, 'शहर वाढलं असं म्हणताना लेखक नक्की काय मोजतोय ते उमजलं नाही.' मॅडमनी अग्रलेख पुन्हा उघडून पाहिला, मग हळूच म्हणाल्या, "खरंच की. त्यानं सांगितलेलंच नाही." त्यांनी मामाकडं पाहिलं. "सर, हे पण तुमच्या पुस्तकात आहे का?"

"आमच्या हाताखालनं पोरं अशीच तयार होतात," मामा उठत म्हणाला. "चला, बॅच आहे माझी."

तो गेल्यावर मॅडमनी शून्य खोडलं. "गुण मी देऊ शकते, शांभवी," त्या म्हणाल्या. "पुस्तकावरचं नाव बदलणं माझ्या हातात नाही."

शनिवारी ती नेसरीला गेली. वाटलं होतं, घरी आग लागेल. अप्पांनी सगळं ऐकलं आणि विड्याचं पान जुळवायला घेतलं. रत्नव्वा म्हणाली, "अगं, आपल्याच माणसाचं नाव झालं. परक्यानं न्हेलं असतं तर येगळं. आता ह्यावरनं माहेर तोडू व्हय मी?"

"आणि माझं काय, अव्वा?"

"तुला परत लिहायला येतंय की."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ते तिला सगळ्यात जास्त लागलं. मामानं वह्या नेल्या होत्या. पण ज्या आईला सांगतोय असं समजून तिनं त्यातली ओळ न् ओळ लिहिली होती, त्या आईनं त्या वह्या कुणाच्या, याची पर्वाच केली नव्हती.

पुस्तकाच्या आवृत्त्या निघत गेल्या. दुसऱ्या आवृत्तीत नाव घालतो, असं मामानं रत्नव्वाजवळ कबूल केलं होतं. त्यात 'घरच्या मंडळींचे आभार' एवढं आलं. शांभवी बी.एड. झाली, गडहिंग्लजला शाळेत लागली, मराठी शिकवायला लागली. मामाच्या घरच्या कार्याला ती कधी गेली नाही.

२००५ च्या श्रावणात ती नेसरीला घरी आली असताना मामा अचानक आला. केस पिकले होते, हातात सातवी आवृत्ती होती. रत्नव्वाची नुसती धांदल उडाली. शांभवीनंच चहा केला आणि कप त्याच्या हातात दिला.

"अजून राग हाय व्हय माझ्यावर?" त्यानं विचारलं.

ती समोर बसली. "मामा, पुस्तकावर काय नको आता. लोकांसमोर पण नको. हितं, अव्वासमोर एकदा म्हणा, ते शांभवीनं लिहिलंय म्हणून. मग मी परत कधी बोलणार न्हाय."

मामानं रत्नव्वाकडं पाहिलं. चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून दोन्ही हात वर केले.

"तसं बघायला गेलं तर आपलं असं काय असतंय गं? सगळं शिवाचं."

रत्नव्वा सुटल्यासारखी हसली. "बघ, कसं बोलला! तेच तर," ती म्हणाली आणि त्याच्यापुढं चिवड्याची बशी सरकवली.

शांभवीनं पिशवी उचलली. साडेचारची गडहिंग्लजची एसटी अजून लागायची होती, तरी ती म्हणाली, "निघतो मी, अव्वा." आई उंबऱ्यापर्यंत आली, थांब म्हणाली, जेवून जा म्हणाली. ती थांबली नाही.