थोरलीला काही नको असतं

आमच्या घरात काहीही वाटायचं झालं की लिलाव व्हायचा. हसू नका, खरं सांगतेय. अप्पा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि ते वर्गात ठेवून घरी यायला त्यांना कधी जमलं नाही. खिडकीजवळचा पलंग असो की नवी सायकल, आम्ही तिघा भावंडांनी आपल्या खाऊच्या पैशांतून किती मोजू ते चिठ्ठीवर लिहायचं. ज्याचा आकडा मोठा, वस्तू त्याची, आणि पैसे घरखर्चाच्या डब्यात. भांडण नाही, रडारड नाही. अप्पांना याचा कोण अभिमान! माणूस तोंडाने काहीही बोलेल, म्हणायचे, त्याला खरं काय हवंय ते तो किती मोजतो त्यावरून कळतं.

आता ताईचं ऐका. आई गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि घर सांभाळायला घेतलं. घरातच असते, तिला कसला खर्च, म्हणून तिचे खाऊचे पैसे बंद झाले. चिठ्ठी मात्र तिलाही मिळायची, कारण नियम सगळ्यांना सारखा. ती शून्य लिहायची. आणि अप्पा, इतके शिकलेसवरलेले अप्पा, त्या शून्यावरून निष्कर्ष काढायचे. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या थोरलीला काही नको असतं, फार समाधानी पोर आहे.

पुढे मीही अर्थशास्त्रच शिकले आणि तेच शिकवते. दरवर्षी फळ्यावर मागणीची रेघ काढते आणि मुलांना सांगते, मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, इच्छा आणि ऐपत. इथपर्यंत आमचं शास्त्र प्रामाणिक आहे. पुढच्या धड्यात ते ऐपतीला सोयीस्करपणे विसरतं, आणि जास्त मोजणाऱ्याच्या हातात वस्तू गेली की म्हणतं, बघा, ज्याला सर्वांत जास्त हवी होती त्यालाच मिळाली. अहो, दिवसाढवळ्या शेंडी लावायची म्हणजे किती! आणि ती मी पगार घेऊन लावत आले.

अप्पा गेले. त्यांचं शेवटचं लांबलेलं दुखणं ताईनेच काढलं. महिन्याभराने दादा आला, तोही याच विषयाचा प्राध्यापक, माझ्याहून मोठ्या विद्यापीठात. म्हणाला, घराचं अप्पांच्याच पद्धतीने करू. तिघांनी चिठ्ठी लिहायची, ज्याची बोली मोठी त्याने घर घ्यायचं आणि बाकीच्या दोघांना त्यांचा वाटा रोख द्यायचा. ताईच्या हातातही पैसे येतील, ती कुठेही छान राहील. वाईट माणूस नाही हो तो. यात ताईचं भलंच आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

चिठ्ठ्या लिहायच्या आदल्या दिवशी मी ताईला भांडी विसळताना गाठलं. म्हटलं, कर्ज काढते, सगळ्यांत मोठी बोली मी लावते आणि घर तुला देते. ती म्हणाली, मग ते तुझं घर आणि मी तुझ्याकडे राहणारी. आजवर अप्पांकडे राहिले, आता तुझ्याकडे राहू होय? मला राग आला, पण बरोबर तिचंच होतं. मी अप्पांचाच डाव अप्पांच्याच पत्त्यांनी खेळायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी दादाने जेवणाच्या टेबलावर तीन कोरे कागद ठेवले. मी माझा उचलला आणि उभा फाडला. आता कर लिलाव, म्हटलं, माझ्या सहीशिवाय या घराची एक वीट विकली जायची नाही. तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. भावना कळतात, पण मोजायला काहीतरी माप लागतंच, याहून चांगलं माप कुणाकडे असेल तर दाखव. हाच प्रश्न वर्गात मी मुलांच्या तोंडावर फेकते आणि मुलं गप्प बसतात. मी नाही बसले.

"अरे, ज्या काट्यावर आपली बहीण उभी राहिली तरी काटा हलत नाही," मी म्हटलं, "तो काटा बिघडलाय म्हणायचं, की बहीण नाहीच म्हणायचं?"

"मग ठरवायचं कसं?"

"विचारून. चिठ्ठी नको, तोंडाने विचार तिला."

ताई हात पुसत दारात उभी होती. त्याने तिच्याकडे वळून विचारलं, तुला काय हवंय.

"मला हे घर हवंय," ती म्हणाली.

इतकी वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, पण ताईच्या तोंडून 'मला हवंय' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दादाचा हात मात्र सवयीने पेनाकडे गेला. बदल्यात ती काय देऊ शकेल, ते त्याने विचारलं. मवाळपणे विचारलं, पण विचारलंच.

ताईने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"काही देणार नाही," ती म्हणाली. "माझं देऊन झालंय."