चार मिनिटं

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी लक्षात ठेवत नाही. बरंच आहे ते. बिश्केकच्या या इस्पितळात बावीस वर्षं मी हेच करतेय. माणसाला झोपवायचं, घशातून श्वासनळीत नळी सरकवायची, काम झालं की उठवायचं.

नळी घशात शिरली की झोपलेलं शरीरही दचकतं. नाडी धावत सुटते, रक्तदाब चढतो. धडधाकट माणसाचं त्यानं काही बिघडत नाही. पण त्या दिवशी टेबलावर असलेल्या जिपारगुलच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. दाब चढला की फुटणार, एवढं साधं. म्हणून आधी दाब आवरणारं औषध द्यायचं, ते भिनायला चार मिनिटं थांबायचं, मगच नळी. हे मी शिकाऊ डॉक्टरांना ओरडून ओरडून सांगते.

जिपारगुल चौतीस वर्षांची, शिवणाच्या कारखान्यात कॉलर जोडायची. केस जरा बेतानंच कापा, अजून नवरा शोधायचाय, असं तिनं टेबलावर पडल्या पडल्या बजावलं. मी हसले, दाबाचं औषध दिलं, तिला झोपवलं.

तेवढ्यात इशेनबेक आगाय आत आले. एकाहत्तर वर्षांचे सर्जन, माझे गुरू; आगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी. एरवी मी निरोप धाडीपर्यंत सर्जन बाहेर थांबतात. ते मात्र हात धुऊन, हातमोजे चढवून थेट टेबलाशी येऊन उभे राहिले. नर्सनं स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. वडीलधारं माणूस ताटकळत उभं आहे आणि आपण घड्याळाकडे बघतोय, हे आम्हा किर्गिझांच्या अंगवळणी पडलेलं नाही. माझी मान खाली गेली. औषध देऊन दोनच मिनिटं झाली होती.

"झूरा, झालं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं, आगाय."

नळी पहिल्याच खेपेला बसली. पडद्यावर दाब एकशे साठ, मग दोनशे दहा. मी आणखी औषध ढकललं, तो उतरलाही. पण तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन तशीच राहिली; आत रक्तवाहिनी फुटली होती. आगायांनी डोकं उघडलं, करता येईल ते सगळं केलं. दुपारपर्यंत संपलं.

मला रडू आलं नाही. स्वतःचा राग यायला हवा होता, तोही येईना. मी चहा मागवला आणि तो प्यायलेसुद्धा.

जिपारगुलचे वडील, सादिरबाय, कोचकोर गावाहून आले होते. साठीचे मेंढपाळ. आगायांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, देवाचीच इच्छा. मग म्हातारा माझ्यासमोर आला आणि मला आशीर्वाद द्यायला त्यानं दोन्ही तळवे उघडले. अशा वेळी समोरच्यानंही तळवे उघडायचे असतात. माझे हात उचललेच नाहीत.

"बाबा, चार मिनिटं थांबायचं होतं. मी दोनच थांबले."

"का गं पोरी?"

"आगाय उभे होते."

मागे आगाय होते, त्यांनी ऐकलं. सादिरबायनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

आगाय निघाले. बोळ अरुंद होता. सादिरबाय टोपी सारखी करून भिंतीला चिकटले आणि त्यांनी आगायांना आधी जाऊ दिलं.