अर्धी गुलाबकांडी

गुलाबकांडी बंद झाली त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि ती का बंद झाली हे माहीत असलेली इथे अमेरिकेत, अख्ख्या शॉमबर्गमध्ये मी एकटीच, तरीही चार जणींसमोर फुशारकी मारून बसले की मी करून दाखवते.

झालं असं की रविवारी सुनेच्या, आश्लेषाच्या, मैत्रिणी चहाला आल्या होत्या. या मुलींचं एक आहे, पोटभर खाऊन झालं की त्यांना तिकडची भूक लागते. कुणाला शाळेबाहेरचं बोरकूट आठवतं, कुणाला चिंचेचा गोळा, आणि मग डोळे मिटून अशा बोलतात जणू इथे यांना कुणी उपाशी डांबून ठेवलंय. त्यांच्यातल्या पद्मिनीचं आजोळ बार्शी, माझंही माहेर तेच.

"काकू, आई अजून गुलाबकांडीची आठवण काढते," ती म्हणाली. "बाहेरून गुलाबी बर्फ, आत दूध आणि मधोमध एकच बेदाणा. नंतर बंदच झाली म्हणे. का हो?"

"मालक म्हातारा झाला," मी म्हटलं.

मालक तेव्हा तिशीतला होता. खोटं बोलताना मी अडखळत नाही, ती सवय लहानपणीच लागली.

"तुम्हाला येते करता?"

"न यायला काय झालं? कारखान्याच्या दारात उभं राहून रोज बघायचो आम्ही."

आम्ही म्हटलं मी. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याच आलं.

मंगळवारी दूध आटवलं. करण्याची रीत अशी की साच्यात आधी गुलाबाचं पाणी ओतायचं, कडेकडेने बर्फ धरला की मधलं न गोठलेलं पाणी काढून टाकायचं, त्या पोकळीत थंड केलेलं आटीव दूध भरायचं, बेदाणा टोचलेली काडी उभी करायची आणि पुन्हा गोठवायचं. माझा मुलगा संग्राम बघून म्हणाला, "आई, यार, दुकानात बत्तीस फ्लेवर मिळतात, तू कशाला एवढी मरतेस?" मी त्याला म्हटलं, बत्तीसमध्ये ही दाखव. बारा कांड्या झाल्या. गॅरेजमध्ये आमचा मोठा फ्रीजर आहे, पेटीसारखा आडवा, वर झाकण असलेला. त्यात मटार, खवलेला नारळ, शंभरेक पोळ्या असं सगळं असतं. त्यातच एका डब्यात त्या कांड्या ठेवल्या.

बुधवारी सकाळी डबा उघडला तर एक कांडी अर्धी होती.

नातीचं काम म्हणून मी आधी हसलेच. अनिका सहा वर्षांची आहे, सुट्टी लागल्यापासून दिवसभर माझ्याचपाशी असते. पण कांडी उजेडात धरली आणि हसू जागच्या जागी राहिलं. दातांचे वळ नव्हते. तोडलेल्या जागी बर्फावर बारीक जाळी उमटली होती, उभ्या-आडव्या धाग्यांची.

ज्याने लहानपणी खाऊ वाटून खाल्लाय त्याला ही जाळी सांगावी लागत नाही. चिमणीच्या दातांनी तोडणं म्हणायचो आम्ही त्याला. खाऊ फ्रॉकच्या घेरात धरायचा, कापडावरून चावायचा आणि तुटलेला भाग दुसऱ्याला द्यायचा. मध्ये कापड असलं की उष्टं होत नाही. आमच्याकडे सोवळं कडक, उष्टं खाल्लेलं आईला कळलं तर पाठ सोलून निघायची, म्हणून आम्ही बहिणी फ्रॉक पुढे करून मोकळ्या.

या घरात हे मी कुणाला शिकवलेलं नव्हतं. संग्रामलाही नाही. सत्तेचाळीस वर्षांत तसा घास मी कुणाला दिला नव्हता.

"अनिका, कांडी कुणी खाल्ली?"

"शी डिड," टीव्हीवरून नजर न हलवता ती म्हणाली. "इट्स ओके आजी, इट्स नॉट उष्टं."

तिचे सगळे कपडे मी त्या दिवशी काढून पाहिले. इथल्या पोरींचे कपडे गुळगुळीत, रबरासारखे ताणणारे. ती जाळी जाड होती, मांजरपाटाची. मांजरपाट मला या देशात कुठे दिसलेलं नाही.

उरलेल्या कांड्या मी सिंकमध्ये गरम पाणी सोडून वितळवल्या आणि पद्मिनीला कळवलं की जमल्या नाहीत. वाटलं, संपलं. पण त्या दिवसापासून पोर सगळ्याचं अर्धं करायला लागली. केळं मधोमध मोडून एक तुकडा ताटाच्या पलीकडे ठेवी आणि कितीही दटावलं तरी त्याला हात लावत नसे. पोळीचं तेच, दुधाचं तेच. पलंगावर अशी कडेला निजायची की पडेल. आश्लेषाने डॉक्टरला फोन केला, आणि तो ठेवून मला म्हणाली, "आई, या वयात इमॅजिनरी फ्रेंड असतो मुलांना. नॉर्मल आहे ते. तुम्ही नका ना एवढं मनावर घेऊ."

"पोर निम्मं जेवतेय आणि तू मला नॉर्मल सांगतेस?"

"शेअर करतेय ती. चांगलंच आहे ना?"

शिकलेल्या माणसांशी डोकं कुठे फोडायचं. दोन आठवड्यांत पोरीच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. हात गार, ऐन जुलैच्या उन्हाळ्यात गार, धरले तरी ऊब येईना. आणि जरा नजर चुकली की ती गॅरेजमध्ये. फ्रीजरला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन, अंग चोरून बसलेली. विचारलं की म्हणायची, "प्रॅक्टिसिंग."

कसली प्रॅक्टिस हे मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. ते बसणं मी ओळखत होते. मी म्हणजे फक्त मी नव्हे, आमच्या आळीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, पेटी उघडली तेव्हा.

माझी धाकटी बहीण गोदी सहा वर्षांची होती, मी चौथीत. रोज आम्हाला दोघींत एक कांडी मिळायची, चिमणीच्या दातांनी अर्धी-अर्धी. एक दिवस मी कारखान्याच्या मागच्या भिंतीशी एकटीने सबंध खाल्ली. उन्हं फार होती, दुसरं कारण काही नाही. ती शोधत आली आणि माझी अर्धी कुठाय म्हणाली. मी म्हटलं, आत पेटीत ठेवलीय, वितळेल म्हणून. जा आणि घे. कारखान्यातल्या बर्फाच्या पेट्या लाकडी, आतून पत्रा मारलेल्या, झाकण आपोआप बसायचं आणि बाहेरून कडी पडायची. ती गेली. मी घरी आले. संध्याकाळी सगळे शोधायला निघाले, तेव्हा मला विचारलं, तुझ्याबरोबर होती ना? मी म्हटलं, नव्हती. रात्रभर विचारलं आणि रात्रभर मी नव्हतीच म्हटलं. सकाळी पेटी उघडली. आठवड्यात कारखान्याला कुलूप लागलं, मालकाला लोकांनी मारलं, आणि त्यानंतर मी शाळेत गेले नाही. हे मी माझ्या आईला सांगितलं नाही, मेलेल्या नवऱ्याला सांगितलं नाही.

संग्रामला मी एवढंच म्हटलं की तो फ्रीजर घरातून काढ. तो म्हणाला, चांगला चालतोय की. मी म्हटलं, काढतोस की कुऱ्हाड घेऊ? माझा आवाज तो ओळखतो. जुन्या वस्तू नेणाऱ्यांना त्याने फोन लावला. ते गुरुवारी दुपारी दोन वाजता येणार होते. तोवर झाकणाला साखळी गुंडाळून मी कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली.

गुरुवारी पोरगा आणि सून ऑफिसला गेले. अनिका जेवणाच्या टेबलाशी चित्र काढत होती. मी डाळ फोडणीला टाकली, मोहरी तडतडेपर्यंत पाठ वळवली असेल, तेवढ्यात खुर्ची रिकामी. गॅरेजमध्ये जाऊन बघते तर कुलूप साखळीसकट जमिनीवर, झाकण उघडं. किल्ली माझ्या गळ्यात होती, मी चाचपून पाहिली.

फ्रीजर पूर्ण रिकामा केलेला होता. मटाराच्या पिशव्या, नारळ, पोळ्यांच्या चवडी, सगळं सिमेंटवर ओळीने मांडलेलं होतं, निम्मं डावीकडे आणि निम्मं उजवीकडे, मोजून मांडल्यासारखं. मध्ये वाट सोडलेली. त्या वाटेच्या टोकाला अनिका एका पायातला बूट काढत होती.

मी तिचं मनगट धरलं. तिने ओढून घेतलं नाही.

"अनिका, घरात चल."

"शी इज वेटिंग, आजी. इट्स माय टर्न टू गो इन."

मी गुडघ्यांवर बसले. तिच्याशी नव्हते बोलत, तिच्या खांद्यावरून त्या उघड्या पेटीशी बोलत होते. म्हटलं, गोदे, कांडी मी खाल्ली. सगळी मी खाल्ली, पेटीत काही नव्हतं, मी तुला खोटं सांगून पाठवलं. एवढी चार वाक्यं. तोंडातून निघायला सत्तेचाळीस वर्षं लागली आणि निघाली तेव्हा गॅरेजमध्ये काहीही झालं नाही. फ्रीजरची घरघर तशीच चालू होती. गार वाफ कडेवरून उतरून माझ्या मांडीवर येत होती.

"शी नोज," अनिका म्हणाली. "शी इज नॉट अँग्री. शी जस्ट डझंट वाँट टू बी अलोन."

"मग मी जाते," मी म्हटलं. "तिला सांग, तुझी अक्का येतेय. या पोरीला सोड."

अनिकाने मान कलती करून ऐकल्यासारखं केलं. मग दुसऱ्या पायातला बूट काढला आणि पहिल्याशेजारी नीट जोडून ठेवला. तिने फ्रीजरच्या रिकाम्या पोटात पाहिलं, मग माझ्याकडे, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, दुकानात कापड अंगाला पुरेल का बघतात तसं. तिचं मनगट अजून माझ्या मुठीत होतं, आणि माझ्या मुठीला आता बोटं आहेत की नाहीत हेही मला कळत नव्हतं. जन्मल्यापासून जिच्या तोंडून मराठीचं एक अख्खं वाक्य धड निघालं नव्हतं, तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा स्वच्छ मराठीत म्हणाली,

"तू नाही मावणार, आजी."