शेपटीवर बसलेलं विमान

फोन आला तेव्हा माझ्या बोटांना गोंद लागलेला होता. खेळण्याच्या मापाच्या या विमानाचं धड दोन अर्ध्यांत येतं, डावं आणि उजवं. दोन्हींच्या कडांना मी नुकताच गोंद लावला होता. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे लावल्यावर थांबता येत नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "तुम्ही लगेच या." मी विचारलं, "ती बरी आहे ना?" ती म्हणाली, "तुम्ही या, मग बोलू." तेव्हाच मला कळलं. तरी मी दोन्ही अर्धे जुळवले, वर रबरबँड चढवले आणि मग पायात चपला घातल्या. असं का केलं ते मला सांगता येत नाही.

ऑपरेशन साधंच होतं. आदल्या दिवशी बायको दवाखान्याच्या खाटेवरून मला दमात घेत होती. "आतलं सगळं रंगवून झालंय. तुम्ही फक्त जोडून ठेवा. बाहेरचा रंग मी आले की देते. ब्रशला हात लावू नका, तुम्ही भिंत रंगवल्यासारखं रंगवता."

आमची वाटणी तशीच होती. कापणं, घासणं, जोडणं माझ्याकडे आणि रंग तिच्याकडे. तिचा हात स्थिर होता. हे विमान आम्ही तिच्या वडिलांसाठी करत होतो. अण्णांनी उभं आयुष्य हवाई दलात याच जातीच्या लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त केली. उडवली ती दुसऱ्यांनी. अण्णांनी फक्त खालून मान वर करून पाहिली.

ती गेल्यावर मी विमानाच्या टेबलाकडे जात नव्हतो. मग एक दिवस मेहुणीचा फोन आला. अण्णा तिच्याकडे राहतात.

"भाऊजी, अण्णा ताईचं नाव काढत नाहीत. विमान कुठवर आलं ते मात्र रोज विचारतात. तेवढं संपवा हो, माझं डोकं खातात."

मी पुन्हा बसलो. पंख लावले, शेपूट लावली, वैमानिकावरची काच बसवली, चाकं लावली. गोंद सुकल्यावर विमान चाकांवर उभं केलं, तर ते मागे कलंडलं आणि नाक आभाळाकडे करून शेपटीवर बसलं. बोटानं नाक दाबलं की खाली यायचं, सोडलं की पुन्हा वर. या विमानाचा मागचा भाग जड असतो. म्हणून धड बंद करण्याआधी नाकात वजन घालायचं असतं. सायकलच्या जुन्या बेअरिंगमधले छर्रे मी त्यासाठी काढून ठेवले होते. ते वाटीत तसेच पडलेले होते.

विमान तसंच घेऊन मी अण्णांकडे गेलो.

मेहुणी म्हणाली, "अगंबाई, हे तर भाकरी मागणाऱ्या कुत्र्यासारखं बसलंय."

अण्णांनी चष्मा वर केला. "नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं. इथं नाकात मोतीच नाही. जावईबापू, वजन विसरलात?"

"विसरलो. बंद करत होतो तेव्हाच फोन आला."

कोणता फोन, हे कुणी विचारलं नाही. मेहुणीनं टेबलावरचं नसलेलं काहीतरी पुसलं. अण्णा विमानाकडेच बघत होते.

"मग फोडा," ते म्हणाले. "सांध्यात पातं घाला, हलक्या हातानं फिरवा. उघडेल."

"नको."

"नको काय? असं विमान मी तपासणीतून सोडलं नसतं."

"अण्णा, फोडलं तर आतलं तुटेल. आतलं तिनं रंगवलंय."

"आत असून असून काय असणार? एक खुर्ची आणि चार घड्याळं."

मी त्यांना भिंग दिलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मेहुणीनं विमान खिडकीपाशी उजेडात धरलं. अण्णा काचेतून आत बघू लागले. खोक्यात आलेल्या वैमानिकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तो घासून काढा, असं तिनं मला सांगितलं होतं. कशाला, ते सांगितलं नाही. मी कुरकुरत सँडपेपरनं घासला. मग तांदळाएवढ्या त्या तोंडावर तिनं एका केसाच्या ब्रशनं पांढरी मिशी काढली. टोकं वर वळलेली, उजवं टोक जरा आखूड.

"याची मिशी वाकडी आहे," अण्णा म्हणाले.

"तुमची तरी कुठं सरळ आहे?" मेहुणी म्हणाली. "आरशात बघून कापत जा म्हटलं तर ऐकत नाही."

अण्णांचा हात मिशीकडे गेला आणि तिथंच राहिला. मग ते पुन्हा भिंगाला डोळा लावून बघत बसले.

"मला आत बसवलंय होय तिनं," ते म्हणाले.

"हो."

"बोलली नाही कधी."

"तुम्हाला देताना सांगणार होती."

त्यांनी भिंग मेहुणीला दिलं. "बघ, तुझा बाप उडवतोय." तिनं पाहिलं, विमान माझ्या हातात दिलं आणि चहा टाकते म्हणून आत गेली. बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

"फोडायचं नाही," अण्णा म्हणाले.

"मघाशी तर म्हणालात..."

"मघाशी मी आत आहे हे मला ठाऊक नव्हतं." मग विमान उलटं करून त्यांनी नखानं दाखवलं. "पुढचं चाक जिथं बसतं तिथं खोबण आहे बघा. तिच्या पुढच्या भिंतीला भोक पाडा आणि तिथून भरा. पोटाखाली कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी मी हातानं फिरवायचं बारीक ड्रिल, छर्रे आणि धातूला धरणारा दुसरा गोंद घेऊन गेलो. पुढचं चाक काढलं. भोक पाडताना मी ड्रिल जेमतेम टेकवून फिरवत होतो. अण्णा म्हणाले, "ऑपरेशन करताय का? दाबा जरा." बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "असू द्या." मग त्यांनी दोन्ही हातांनी विमान नाक खाली करून धरलं. मी चिमट्यानं एकेक छर्रा आत सोडला आणि वरून गोंद ओतला.

"सांभाळून," ते म्हणाले. "एखादा मागे पळाला तर माझ्या मांडीवर येऊन बसायचा."

गोंद पक्का होईपर्यंत त्यांनी विमान खाली ठेवू दिलं नाही. मेहुणी धरते म्हणाली, तरी दिलं नाही. शेवटी मी चाक लावलं आणि विमान टेबलावर ठेवलं. ते तिन्ही चाकांवर उभं राहिलं. अण्णांनी शेपटीवर बोट टेकवून पाहिलं. बोट काढताच नाक खाली आलं.

"पास," ते म्हणाले. "आता रंग."

"तो ती देणार होती."

"हो. पण ती आता येणार नाही, जावईबापू."

तिच्या मागे हे आमच्यापैकी कुणी प्रथमच मोठ्यानं बोललं. मी मान हलवली.

"मी भिंत रंगवल्यासारखं रंगवतो, असं म्हणायची."

"खरंच होतं ते," अण्णा म्हणाले. "माझ्या खोलीचं दार तुम्हीच रंगवलंत ना? पातळ करून द्या, आणि घाई करू नका."

विमान अण्णांच्या खिडकीत उभं आहे. फिकट करडा रंग तिनं आधीच कालवून बाटलीत ठेवला होता. तो घट्ट होऊ नये म्हणून मी अधूनमधून बाटली हलवतो. ब्रशही धुऊन ठेवले आहेत. बाहेरचा रंग अजून द्यायचा राहिला आहे.