बायप्रिझमच्या कपाळी कुंकू

मित्रांनो, प्रकाश हा तरंग आहे, हे विश्वाचं महान रहस्य कोल्हारच्या पोरांसमोर ज्यानं उघडं केलं, तो मीच. मी एक जुना बायप्रिझम आहे, म्हणजे दोन चपटे लोलक तळाशी जोडल्यासारखी काच. दिसायला मात्र फुटक्या तावदानाचा तुकडा. एकदा झाडलोटीत सुपलीत भरलो गेलो होतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. कारागिरानं घासून घासून माझ्या मधोमध एक पुसट कड काढली. पेंढ्यात गुंडाळून मी नगर-मनमाड रस्त्यानं कोल्हारच्या कॉलेजात आलो, ते नव्वद साल उलटलं तेव्हा. काम एवढंच, की समोरच्या फटीतून येणारा सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश दुभागायचा आणि दोन्ही भाग पुन्हा एकमेकांवर सोडायचे. पाण्यावरच्या लाटांसारखे ते भिडतात. उंचवट्यावर उंचवटा आला की उजेड, उंचवट्यावर खळगा आला की अंधार. भिंगातून पाहिलं की पिवळ्या-काळ्या पट्ट्या. उजेडात उजेड मिळवून अंधार होतो, हे पोरांना पटत नसे. ज्यांनी दोन पुढारी एका व्यासपीठावर पाहिले होते, त्यांना लगेच पटे.

एरवी मी डबीत असायचो. एका खंडेनवमीला बाहेर राहिलो. प्रयोगशाळेचे शिपाई कारभारीमामा मोठे भाविक. सगळी उपकरणं मांडून त्यांनी पूजा केली आणि मलाही ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं, नेमकं मधल्या कडेवर. कुंकू वाळलं आणि मी आंधळा झालो.

गंमत म्हणजे कुणाला पत्ताच लागला नाही! पोरं भिंगाला डोळा लावत, "दिसलं, सर" म्हणत आणि मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवत. निकाल झकास लागला. पुढच्या खंडेनवमीला मला हार आणि कुंकवाचा दुसरा थर मिळाला. काम करून दमणं वेगळं, मित्रांनो. काम न करता कौतुक सोसून जो शीण येतो, तो काचेलाही झेपत नाही.

मग शुभांगी आली. बाप साखर कारखान्यात फिटर, पोरीला इंजिनिअर व्हायचं होतं. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "सर, मला न्हाई दिसत काही."

"चष्मा लाव की, शुभे," मागून सचिन म्हणाला.

"तुला दिसतंय व्हय? मग किती पट्ट्या हायेत सांग."

"पुस्तकात हायेत तेवढ्या!"

प्रयोग घेणारे अजिनाथ सर जवळ आले. "पोरी, परवा परीक्षा हाय. प्रॅक्टिकलात नापास झालीस तर इंजिनिअरिंग विसर. दिसलं म्हण अन् मोकळी हो."

"जे दिसलं न्हाई ते लिहू कसं, सर?"

तिनं स्क्रू ढिला करून मला काढलं आणि खिडकीकडे धरलं. "मामा, हे लाल काय?"

"खंडेनवमीचं कुंकू हाय ते. पुसू नको, पाप लागंल."

"मामा, कुंकू कपाळाला लावतात का डोळ्यात घालतात?"

"कपाळाला."

"मग हा ह्याचा डोळा हाय."

कारभारीमामांनी मला डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई व्हय? पूस, बाई, पूस!"

तिनं तोंडाची वाफ दिली, ओढणीनं हलकेच पुसलं. मला जागेवर बसवून डोळा लावला. पट्ट्या आल्या होत्या. मग रांग लागली. सचिन पाहून आला आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. अजिनाथ सर तर भिंग सोडेनात.

परीक्षेत शुभांगीनं स्वतः पट्ट्या मोजल्या. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "सगळ्यांचं उत्तर पुस्तकाशी जुळतं. तुझं का नाही?"

"मी मोजलं, सर."

त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिला पास केलं. सचिनला तिच्याहून जास्त मार्क दिले, कारण त्याचं उत्तर बरोबर होतं.

शुभांगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. त्यानंतर मामा कुंकू माझ्या लोखंडी स्टँडला लावू लागले. पुढे कॉम्प्युटर आले, मी कपाटात गेलो. तेव्हा मित्रांनो, दिसलं नाही तर 'दिसलं नाही' म्हणायला शिका. काचेची निगा राखा, डोळ्यांचीही राखा. एवढं जमणार नसेल तर निदान जाताना कपाटाचं दार घट्ट लावा. झुरळं फार झालीत.