अश्लेषाच्या विरोधात

चिठ्ठीवर 'वडिलांची बाजू' असं निघालं, तेव्हा मी ती घडी घालून पुन्हा उघडली. तेच होतं.

खटला आमच्या लॉ कॉलेजातल्या हरकरे सरांनी मूट कोर्टासाठी, म्हणजे परीक्षेतल्या खोट्या कोर्टासाठी, रचलेला. अश्लेषा नावाची एक बाई. तीन वर्षांच्या मुलाला कुही गावी आपल्या आईजवळ ठेवून ती पुण्याला एलएलएम करायला गेली. नवऱ्यानं मुलाचा ताबा मागितला, कुटुंब न्यायालयानं दिला आणि अश्लेषा अपिलात हायकोर्टात आली. केशवच्या चिठ्ठीत अश्लेषा आली होती आणि माझ्या चिठ्ठीत तिचा नवरा.

"ताई, बदलून घेऊ का आपण?" केशवनं विचारलं. त्याला माझ्या घरचं माहीत होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच होतं, कारण दीड वर्षाची मुलगी असलेली मी एकटीच.

सरांनी ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वकिलाला बाजू आवडावी लागत नाही, बारापात्रे. ब्रीफ आलं की आलं."

एलएलबीचं माझं हे शेवटचं सत्र. एलएलएमच्या सीईटीत नाव लागलं होतं, विद्यापीठात जागा मिळत होती, फक्त शेवटच्या सत्राचा निकाल दाखवायचा होता. आणि मूट राहिलं की निकाल राहतो. वकिलासारखं उभं राहून बाहेरच्या परीक्षकांसमोर बाजू मांडायची, तेवढी एक दुपार मधे होती. त्या दुपारी चिमीला कुठं ठेवायचं, हा प्रश्न मला कलमांपेक्षा जास्त छळत होता. तिला एकदा सासूबाईंजवळ सक्करदऱ्याच्या घरी ठेवून पाहिलं होतं. रडून रडून तिनं उलटी केली होती. तेव्हापासून माझं अंग सोडून ती कुठं राहिलीच नव्हती. नवऱ्याला, भूपेशला, बुटीबोरीच्या कामावरून सुट्टी मिळेना.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मी येतो तुह्या कॉलेजात. झाडाखाली बसतो पोट्टीले घेऊन. ते एलएलएम का काय म्हणते, त्याचंही तवाच पाहून घेऊ. पोट्टी माह्याजवळ राह्यली, तर कर दोन वर्षं. नाही राह्यली, तर मंग मले काही म्हणू नको."

म्हणजे त्या दिवशी परीक्षा माझी एकटीची नव्हती.

मूटचा हॉल पहिल्या मजल्यावर. डावीकडे मोठी खिडकी आणि खिडकीखाली कडुनिंब. सासूबाईंनी तिथं चादर अंथरली, शेजारी डबा, पाण्याची बाटली, चिमीचे आवाज करणारे सँडल. मोबाइल दारावरच्या टोपलीत जमा करायचे होते, त्यामुळे खिडकी तेवढी उरली. मी दर थोड्या वेळानं उठून डोकावत होते. चिमी वर बघायची, दोन्ही हात पसरायची आणि मला घेता येत नाही हे कळलं की तोंड वाकडं करून भोकाड पसरायची. मी पटकन मागे सरायचे. आवाज हळूहळू थांबायचा. थांबला की मला वाटायचं, काहून थांबला? आणि पुन्हा जायचे.

"ताई, बसा ना जरा," केशव म्हणाला. "तुमच्यामुळे मलेच घाम फुटून राहिला."

परीक्षक घाटे मॅडम होत्या. तीस-एक वर्षं वकिली केलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आधी केशव उभा राहिला. त्याची बाजू सरळ होती. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, असं कायदाच म्हणतो. शिकायला जाणं म्हणजे मूल टाकणं नव्हे. मुलाची आजी घरात आहे, तिच्या हातचं तो खातो. पोरगा इतकं छान बोलत होता की मला मान डोलवावीशी वाटली.

मग माझं नाव आलं.

पहिला मुद्दा निभला. 'साधारणपणे' म्हणजे 'नेहमीच' नव्हे, मुलाचं हित सगळ्यात वर. दुसऱ्या मुद्द्यावर आले. "मायलॉर्ड, आई सहा-सहा महिने मुलाजवळ नसते. आजी कितीही मायाळू असली, तरी ती आईची जागा..." आणि मी डावीकडे पाहिलं.

झाडाखाली कोणी नव्हतं.

चादर होती. डबा होता. चिमीचा एक सँडल होता, एकच. पलीकडे उघडं फाटक आणि फाटकापलीकडे रस्ता, ऑटो, सिटी बस.

"काउन्सेल?"

"आजी आईची जागा..." मी पुन्हा तेच म्हणाले. पुढचे शब्द कुठं गेले कळेना. डोक्यात एकच सँडल. चिमी चालायला लागल्यापासून फाटक दिसलं की धावते. सासूबाईंचे गुडघे दुखतात.

कोर्टात वकील अडला की न्यायाधीशांना प्रकरण 'कीप बॅक' ठेवायला सांगतो, म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा पुकारा. कारण काय द्यायचं तेही हरकरे सरांनी शिकवलं होतं. सिनिअर दुसऱ्या कोर्टात उभे आहेत म्हणायचं, कुणी तपासायला जात नाही.

"मायलॉर्ड, मॅटर थोडा वेळ कीप बॅक ठेवावं ही विनंती."

"परीक्षेत?" घाटे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कारण?"

सिनिअर जिभेवर आले होते. "माझी मुलगी खाली आजीजवळ होती. आता दिसत नाहीये."

हरकरे सरांनी कपाळाला हात लावला. केशवनं मान खाली घातली.

"आत्ताच आपण म्हणत होतात की आजीच्या भरवशावर मूल ठेवणं धोक्याचं."

"हो, मायलॉर्ड."

"मग आपल्या अशिलाला नवा पुरावाच मिळाला की." त्या हसल्या नाहीत. "जा. पुढचा विद्यार्थी येईपर्यंत थांबते. तोवर आला नाहीत, तर तुमच्याशिवाय शेरा लिहीन."

काळा कोट अंगात तसाच ठेवून मी जिना उतरले. फाटकाबाहेर पाहिलं. उसाच्या रसवाल्याला विचारलं. परत आत धावले, कँटीन, ऑफिस, पाण्याची टाकी. वाचनालयाच्या मागे सायकल स्टँड आहे, तिथं पत्र्याच्या सावलीत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर चिमी, एका पायात सँडल, डब्याच्या झाकणात खडे भरून पुन्हा ओतत होती. पाठमोरी. स्वतःशीच काहीतरी बडबडत.

सासूबाईंनी मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. मी भिंतीच्या कडेला थांबले.

"झाली परीक्षा?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही. तुम्ही दिसल्या नाहीत म्हणून..."

"अरे बाप्पा! म्हणून परीक्षा सोडून आली? अर्धा कोर्ट सोडून?"

"आई, सांगून तरी जायचं ना!"

"कोणाले सांगू? फोन तुह्या टोपलीत. अन् सांगाले वर येतो, तर ही तुले पाह्यते." त्यांनी चिमीकडे हात केला. "तूच तर घोळ करून राहिली वं. दर घडीले खिडकीतून थोबाड दाखवते, पोट्टीले वाटते माय आली. माय येत नाही, मंग ते रडते. म्हणून हिकडं आणली. आली तशी एक डाव रडली नाही. जा आता, तिनं वळून पाह्याच्या आत जा."

मी गेले. आपल्या पोरीनं आपल्याला पाहू नये म्हणून पाय न वाजवता, चोरासारखी.

जिना चढताना मला खटल्याच्या कागदातला सहावा परिच्छेद आठवला. 'अश्लेषा रोज संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल करते. कॉलनंतर मुलगा बराच वेळ रडतो.' पंधरा दिवस मी तो वाचत होते आणि सोडून देत होते. मला वाटलं होतं, तो केशवच्या कामाचा आहे, आईच्या मायेचा पुरावा.

हॉलमध्ये घाटे मॅडम तशाच बसल्या होत्या.

"सापडली?"

"हो, मायलॉर्ड."

"पुढे."

मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले. "आई मुलावर प्रेम करत नाही, असं आमचं म्हणणंच नाही. ती रोज त्याला दिसते. अडचण तीच आहे. सहावा परिच्छेद पाहावा. ती दिसते, पण घेत नाही. मुलाचं दिवसभर बसलेलं मन ती रोज संध्याकाळी उसवते आणि तिकडे आपल्या अभ्यासाला बसते. मुलाला दिसणारी आई नको आहे, मायलॉर्ड. हाताशी असणारं माणूस हवं आहे. ते वडील आहेत."

केशव माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या खिशातून काही काढून घेतलंय.

"हे तुमच्या लेखी युक्तिवादात नव्हतं," घाटे मॅडम म्हणाल्या.

"आत्ता सुचलं."

"चांगलं सुचलं. निर्दय आहे, पण चांगलं." त्यांनी कागदावर काही लिहिलं. "आता तोंडी परीक्षेचा एकच प्रश्न. उद्या अश्लेषानं तुम्हालाच वकील केलं, तर या युक्तिवादाला काय उत्तर द्याल?"

मी शोधलं. 'साधारणपणे' आठवलं, निवाडे आठवले, सगळे पहिल्या मुद्द्याचे. त्या रडण्याला उत्तर नव्हतं.

"माहीत नाही, मॅडम."

"हं. या."

खाली आले तेव्हा पुढचा विद्यार्थी जिना चढत होता. पास झाले हे मला कळत होतं, आणि त्याचा आनंद का होत नाही हेही कळत होतं. आता कुणीही मला विचारलं, तू पोर ठेवून कशी शिकतेस, तर विचारणाऱ्याच्या बाजूचा उत्तम युक्तिवाद माझ्याकडे तयार होता. मीच रचलेला.

सायकल स्टँडजवळ मी या वेळी लपले नाही. चिमीनं आवाज ऐकला, वळली. खडे टाकून धावत आली, माझ्या पायांना मिठी मारली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, अंग झोकून. उचलून घेतलं तरी थांबेना. मी तर इथं होते, तिला घेतलंही होतं, तरीही.

"पाह्य!" सासूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. "आतापावतो हसून राहिली होती. तुले पाह्यलं अन् बिघडली. दुपारपासून दाबून ठेवलं असंन बिचारीनं. माह्यापाशी थोडीच रडणार ते."

मी चिमीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिले. ती माझ्या खांद्यावर नाक पुसत होती आणि रडता रडता माझ्या कोटाचं बटण ओढत होती. रडणं ओसरायला लागलं होतं.

घाटे मॅडम कधी निघतील म्हणून मी जिन्याजवळ थांबले. सासूबाई म्हणत राहिल्या, "चाल ना आता घरी, मले भूक लागली." मी म्हटलं, "थांबा, आई, थोडं." शेवटी मॅडम पर्स सावरत उतरल्या.

"मॅडम, त्या प्रश्नाचं उत्तर."

"मार्क भरून झाले."

"मार्कांसाठी नाही. मूल आईला पाहून रडतं ते ती छळते म्हणून नाही. दिवसभर इतरांजवळ शहाण्यासारखं राहतं आणि रडणं तिच्यासाठी ठेवतं. तिच्याजवळ रडता येतं, म्हणून रडतं. अश्लेषाचा मुलगा व्हिडिओवर रडतो, म्हणजे त्याची आई अजून त्याची आहे."

मॅडमनी चिमीकडे पाहिलं. चिमीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं.

"ऐकायला बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "कोर्ट विचारेल, पुरावा काय? कुणाचा अभ्यास, कुणाचा निवाडा? आणि पुण्याहून त्याला उचलून कशी घेणार ती?"

त्या ड्रायव्हरला हात करून गाडीकडे गेल्या.

"काय म्हणे ते?" सासूबाईंनी विचारलं.

"पुरावा पाहिजे म्हणे."

"कशाचा?"

"चिमी रडली त्याचा."

"मी हावो ना पुरावा!" सासूबाई चिडून म्हणाल्या. मग झाडाखालची चादर झटकून घडी घातली, दुसरा सँडल शोधला आणि चिमीच्या पायात बसवता बसवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राह्यते पोट्टी माह्याजवळ. कर तुह्ये दोन वर्षं. पण मी सांगतो तुले, नुसतं थोबाड दाखवाले खिडकीत यायचं नाही."

मी हो म्हणाले. ऑटोत बसल्यावर चिमी माझ्या मांडीवर झोपली, आणि मी मनातल्या मनात ती अट कुठल्या मुद्द्यावर मोडता येईल ते शोधत होते.