काढ्यात घातलेली मुळी

"आजपासून मी त्या मशीनखाली जाणार नाही," तिन-याउने सांगून टाकलं आणि पेजेचा वाडगा बाजूला सारला. "तोंड नुसतं सोलून निघालंय. काढा तेवढा घेईन. काढा कुणाला भाजत नाही."

लाय-हिंगने वाडगा पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. नाकामागच्या गाठीवर किरणांचे उपचार जेमतेम निम्मे झाले होते. मधेच सोडले तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवरा पडला फोशानच्या चहाघरातला जुना आचारी, सगळ्यांचा 'मास्तर', जन्मभर दुसऱ्यांवर डाफरलेला. त्याला समजावणार काय, कप्पाळ!

"म्हाताऱ्या, आधी वैद्यबाईंना तर विचार," म्हणत तिने त्याला कसंबसं इस्पितळात आणलं. किरणांचा दाह निवावा म्हणून आऊ वैद्यबाई तिथेच थंड औषधांचा काढा देत.

आऊबाईंनी दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या, मग जीभ. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"फोड येतातच, मास्तर, सगळ्यांना येतात. पण इतके? वरून दुसरं काही घेता का?"

"छे! हिने उकळलेला काढा, बस. हा सगळा मशीनचा प्रताप. सोडतोय मी ते!"

लाय-हिंगची मान खाली गेली. ईशान्य चीनमधल्या विहीणबाईंनी लाल जिनसेंग धाडलं होतं. तिकडे बर्फात माणसं तगतात ती म्हणे याच मुळीच्या उबेवर. नवरा वाळत चाललेला बघवेना, म्हणून ती गुपचूप रोज एक जाड चकती काढ्यात टाकायची. एरवी या माणसाने नुसत्या वासावरून मुळी ओळखली असती, पण किरणांपायी आता त्याला ना वास येत होता ना चव कळत होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आळ मशीनवर येत होता. पण त्या आळापायीच नवरा हातचा जाणार होता!

"मी घालत होते," ती एकदम बोलली. "लाल जिनसेंग. ताकद यावी म्हणून."

"अहो काकू! आधीच तिथे आग, त्यात तुम्ही तेल ओतत होतात? आजच बंद करा ते," वैद्यबाई म्हणाल्या. "आणि मास्तर, गाठ मारणार ते मशीनच. माझा काढा त्याच्या हाताखालचा गडी. ते सोडलंत तर माझ्याकडेही येऊ नका."

तिन-याउ बायकोकडे बघतच राहिला. आता हा चारचौघांत आपली सालटी काढणार, म्हणून तिने अंग चोरलं.

"मला न विचारता माझ्या भांड्यात भर?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चहाघरात असतीस तर हाकललं असतं तुला."

"मग हाकल!" तिला रडूच फुटलं. "पण मशीन सोडू नकोस रे. एकटीला घास नाही उतरायचा मला."

तो टोपी चढवून बाहेर पडला. डोळे पुसत ती फाटकाकडे वळली, तर हा तळघराच्या जिन्यापाशी उभा.

"तिकडे कुठे निघालीस, म्हातारे?" तो खेकसला. "माझा नंबर जाईल ना!"

आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो मशीनकडे जाणारा जिना उतरू लागला.